फ्लॉरेन्स, बोलोन्या आणि मेण: मावशीबरोबरची एक जरा विचित्र ट्रिप

गुरुवार

मिलानहून ट्रेन दुपारी पोचली. स्टेशनवरून बॅगा ओढत सॅन मार्कोच्या बाजूला हॉटेल गाठेपर्यंत दगडी फरसबंदीने चाकांची वाट लावली. हॉटेल मुद्दाम त्याच भागात घेतलं होतं कारण सांतीस्सिमा आनुन्झियाताचं चर्च तिथून चालत पाच मिनिटांवर आहे आणि आमची ट्रिप तिथूनच सुरू व्हायला हवी असा माझा हट्ट होता.

आता ट्रिप कसली तर मेणाची. घरी सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मादाम तुसाँ टाईप काहीतरी, लोणावळ्याला आहे की ते, त्यासाठी इटली कशाला. तसं नाही हो. काही वर्षांपूर्वी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मी एका रंगीत मेणाच्या उठावशिल्पासमोर अडकले होते. नेपल्सच्या कातेरिना दे जुलियानिस नावाच्या बाईने १७२७ च्या आधी कधीतरी केलेलं, विषय काळ आणि मृत्यू, आणि काम इतकं बारीक की भिंगच हवं. मग वाचत गेले तर कळलं की या प्रकारातला खरा उस्ताद तिच्या आधीचा, गाएतानो झुम्बो, आणि त्याचं काम फ्लॉरेन्सला आहे. आणि हेही कळलं की सोळाव्या ते अठराव्या शतकात युरोपात मेण हे काही मेणबत्तीपुरतं नव्हतं, राजेरजवाडे स्वतःची पोर्ट्रेट्स मेणात उठावात करून घ्यायचे, छोट्या डबीत ठेवायचे, एकमेकांना भेट द्यायचे. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने तर सोळाव्या शतकातच लिहून ठेवलंय की हल्लीचे कारागीर मेणातच रंग मिसळून माणसाचा चेहरा असा करतात की फक्त जीव आणि वाचा तेवढी राहते.

बरोबर मावशी. मावशी आयुष्यभर सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होती, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे बरे आहेत आणि रक्ताबिक्ताची, मढ्याची शून्य भीती. या ट्रिपला याहून चांगली पार्टनर मिळाली नसती हे पुढे कळेलच.

संध्याकाळी चर्चचा चौक. एका बाजूला ब्रुनेलेस्कीने बांधलेला अनाथाश्रम, त्याच्या कमानींच्या मध्ये निळ्या गोलात पांढरी गुंडाळलेली बाळं, आंद्रेआ देल्ला रोब्बियाची. ती भाजक्या मातीची, वर चकाकी दिलेली, म्हणून पाचशेपेक्षा जास्त वर्षं उन्हापावसात टिकलीत. समोरच्या चर्चमध्ये जे होतं त्यातलं काहीही उरलेलं नाही कारण ते मेणाचं होतं.

चर्चमध्ये शिरताना आधी एक छोटं अंगण लागतं, त्याचं नावच नवसांचं अंगण. आत डाव्या हाताला देवदूत आणि मेरीचं भित्तिचित्र, चांदी-संगमरवराच्या देवळीत. गोष्ट अशी की चित्रकाराला मेरीचा चेहरा जमेना, तो झोपला आणि देवदूताने येऊन पूर्ण केला. मग काय, नवस सुरू. आजारातून उठलेला, लढाईतून वाचलेला, जहाज बुडता बुडता किनाऱ्याला लागलेला असा प्रत्येक जण स्वतःची मेणाची मूर्ती इथे आणून लावायचा. हात-पाय नाही, अख्खा माणूस, खऱ्या कपड्यांत, काही घोड्यावर बसलेले. इतकी झुंबड की १४०१ मध्ये सरकारला नियम काढावा लागला, माणसाएवढी मूर्ती मोठ्या पदावर बसायला पात्र असलेल्या नागरिकांनीच लावायची. म्हणजे देवाच्या दारातही कोट्याची भानगड. पुढे जागा संपली तेव्हा छताला दोऱ्यांनी टांगायला लागले, भिंतींना आधार म्हणून साखळ्या लावाव्या लागल्या. १६३० च्या सुमाराला माणसाएवढ्या सहाशे मूर्ती होत्या म्हणतात, कागदाच्या लगद्याच्या आणि लहानसहान वस्तू तर हजारोंनी.

त्यातली सगळ्यात गाजलेली लोरेन्झो मेदिचीची, म्हणजे फ्लॉरेन्सवर सत्ता चालवणाऱ्या मेदिची घराण्यातला. १४७८ मध्ये एप्रिलच्या एका रविवारी मोठ्या चर्चमध्ये भर प्रार्थनेत त्याच्यावर आणि भावावर हल्ला झाला, भाऊ जागीच गेला, हा मानेवर जखम घेऊन वाचला. मग नातेवाईक मित्रांनी ओर्सिनो नावाच्या मेणकाऱ्याकडून, शिल्पकार वेर्रोक्योच्या देखरेखीत, त्याच्या तीन मूर्ती करून घेतल्या. कशा केल्या तेही वासारी सांगतो: आत लाकडाचा सांगाडा, त्यावर चिरलेले बांबूसारखे बोरू बांधलेले, वर मेणात बुडवलेलं कापड चुण्या पाडून, आणि डोकं, हात, पाय जाड मेणाचे, आतून पोकळ, वरून तैलरंग आणि खरे केस. एका मूर्तीला तर त्या दिवशीचेच कपडे घातले होते.

मी हे सगळं बाकावर बसून मावशीला सांगत होते. ती वर छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे मोत मावलीच की गं ही."

आणि खरंच आहे ते. मावशी वांद्र्यात वाढलेली. सप्टेंबरच्या जत्रेत माउंट मेरीच्या पायऱ्यांवर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घर असं सगळं विकायला असतं, ज्याला जे दुखतं किंवा जे हवं ते घ्यायचं आणि माउलीला वाहायचं, त्यात हिंदू मुसलमान पारशी कोणी मागे नाही. ती म्हणाली तिच्या आईने तिच्या लहानपणी तिच्यासाठी मेणाचा पाय वाहिला होता, पोलिओची साथ होती तेव्हा. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. मग विचारलं की त्या सगळ्या मेणाचं पुढे काय होतं, तर म्हणाली, "काय होणार, वितळवतात. मेण कोण फुकट घालवतं?"

इथेही तेच झालं. सतराव्या शतकात मूर्ती चर्चमधून अंगणात काढल्या, आणि १७८० च्या दशकात ग्रँड ड्यूक पिएत्रो लिओपोल्दोच्या काळात उरलेलं सगळं हटवलं, वितळवलं. हे नाव लक्षात ठेवा, उद्या परत लागणार आहे.

रात्री रिबोलिता खाल्लं, पाव-बीन्स-कोबीचं दाट सूप. मावशीने पिशवीतून लसणाची चटणी काढली आणि वेटरलाही चाखायला दिली. त्याने दोनदा घेतली.

शुक्रवार

आजचा दिवस ला स्पेकोला, प्राणी आणि मेणाच्या अॅनाटॉमीचं म्युझियम. पित्ती राजवाड्याच्या पुढे व्हिया रोमाना नावाचा रस्ता आहे, तिथे १७ नंबर. बाहेरून काही वाटत नाही. मधली काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२४ मध्ये परत उघडलं. सामान्य माणसाला तिकडे फिरकायचं कारण नसतं त्यामुळे उफ्फिझी या चित्रांच्या म्युझियमसारख्या रांगा नाहीत, आणि आम्ही गेलो तेव्हा एक शाळेची सहल सोडली तर शांतता होती.

आधी प्राण्यांचे हॉल. पेंढा भरलेला एक पाणघोडा आहे, तो म्हणे बोबोली बागेत राहायचा, मेदिचींचा पाळीव. ज्याने पेंढा भरला त्याने पाणघोडा बहुतेक नीट बघितलाच नसावा, पाय साफ चुकलेत. शाळेची पोरं तिथेच हसत होती.

आता झुम्बो. मी चालताना एकदम गप्प झाले असं मावशी नंतर म्हणाली.

झुम्बो सिसिलीचा, सिराक्यूझमध्ये १६५६ साली जन्मला, धर्मगुरूंच्या पठडीतला माणूस म्हणजे लोक त्याला आबाते म्हणायचे. मेणकाम कुठे शिकला याचा पत्ता नाही. नेपल्समधून वर सरकत १६९१ मध्ये फ्लॉरेन्सला आला, कोझिमो तिसरा मेदिची याच्या पगारावर. कोझिमो भयंकर धार्मिक, सतत मरणाचा विचार करणारा, त्याला असलंच काहीतरी हवं होतं. झुम्बोने त्याच्यासाठी आणि दरबारातल्यांसाठी लाकडी पेट्यांत छोटी छोटी रंगमंचासारखी दृश्यं केली. मीटरभरही रुंदी नाही. मागे रंगवलेला पडदा, त्याच्या पुढे हळूहळू उठत जाणारं मेण, आणि अगदी पुढे पूर्ण सुट्या आकृत्या, म्हणजे चित्र कुठे संपलं आणि शिल्प कुठे सुरू झालं हे कडेने बघितल्याशिवाय समजत नाही.

"प्लेग" नावाची पेटी मी किती वेळ बघितली सांगता येणार नाही. वरच्या बाजूला धूर, जळती शेकोटी. एक दणकट माणूस, नाकातोंडाला फडकं बांधलेलं, प्रेत ओढतोय, त्याच्या दंडाचा स्नायू फुगलेला दिसतो, आणि तो सगळा माणूस माझ्या हाताच्या पंजाएवढा असेल. खाली ढीग. बाई, तिच्या अंगावर मूल, म्हातारा, तरुण. पण खरं काम रंगात आहे. रंग वरून फासलेला नाही, मेणातच कालवलेला आहे, प्रत्येक देहासाठी वेगळं मेण. एक नुकताच गेलेला, पांढरा फटक. त्याच्या शेजारचा पिवळसर. मग हिरवट. मग तपकिरी, आणि एकदम खाली काळपट पडलेला. एकाच ढिगात मरणानंतरचा सगळा प्रवास.

मावशी चष्मा कपाळावर चढवून काचेला नाक लावून बघत होती. म्हणाली, "बरोबर आहे. असंच होतं." मी म्हटलं काय बरोबर. तर म्हणे, "रंगांचा क्रम. आमच्याकडे शवागारात एसी बंद पडला की... जाऊ दे, तू अजून जेवायची आहेस."

हे तिने सहज म्हटलं पण माझ्यासाठी तोच दिवसाचा मुद्दा होता. झुम्बो कल्पनेतून भीती घालत नव्हता, बघून करत होता. त्या काळात नेपल्समध्ये राहिलेल्या कुणालाही १६५६ च्या प्लेगच्या आठवणी ऐकाव्या लागल्याच असणार, शहराची अर्धी वस्ती गेली होती त्यात, आणि त्याचा जन्मही नेमका त्याच वर्षीचा.

दुसरी पेटी काळाचा विजय. पंखवाला म्हातारा, हातात कोयता, भोवती पडलेल्या इमारती आणि पडलेली माणसं. तिथे त्याच पसाऱ्यात एक लंबगोल छोटं चित्र ठेवलंय, ते झुम्बोचं स्वतःचं. सही करायची ही काय पद्धत! तिसरीत कुजलेली शरीरं आणि उंदीर, ती मला खरं सांगायचं तर जरा अति वाटली. चौथी सिफिलीसची, ती कोर्सिनी घराण्याकडे होती आणि १९६६ च्या ४ नोव्हेंबरला आर्नो नदीला जो पूर आला त्यात वाईट खराब झाली. ती बघवत नाही, पण वेगळ्या कारणाने. क्रूर, अश्लील लिखाणासाठी बदनाम फ्रेंच लेखक मार्की द साद फ्लॉरेन्सला आला होता तेव्हा त्याने झुम्बोची ही कामं बघितली होती आणि भारावून गेला होता, म्हणजे बघा कसल्या माणसाला आवडलं.

शेवटी झुम्बोने केलेलं एक डोकं आहे, अर्धं सोललेलं, आत खरी कवटी आणि त्यावर मेणाचे थर. इथून पुढे गोष्ट कला सोडून डॉक्टरकीकडे वळते. फ्लॉरेन्स सोडून तो जिनोआला गेला, तिथे देनू नावाच्या फ्रेंच सर्जनबरोबर काम केलं, भांडण झालं, श्रेय कोणाचं यावरून, मग पॅरिस, आणि १७०१ मध्ये तिथेच गेला. पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य.

त्याच्यानंतर सत्तरेक वर्षांनी हे म्युझियम निघालं. १७७५. काढणारा कोण? तोच पिएत्रो लिओपोल्दो. म्हणजे एकीकडे चर्चमधल्या मेणाच्या माणसांची त्याला अडगळ वाटली आणि दुसरीकडे याच रस्त्यावर फेलिचे फोन्ताना नावाच्या शास्त्रज्ञाला त्याने मेणाचीच माणसं करायला कारखाना उघडून दिला. तीच कला, नवस नाही तर अॅनाटॉमी. काही हॉल भरून आहेत ही मॉडेल्स. पद्धत अशी की सांता मारिया नुओव्हा हॉस्पिटलमधून प्रेत आणायचं, फाडायचं, एकेक अवयवाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्यात रंगीत मेण थराथराने ओतायचं, रक्तवाहिन्यांसाठी मेणात भिजवलेला दोरा. प्रेत टिकवायची सोय नव्हती तेव्हा, त्यामुळे एका अख्ख्या आकृतीसाठी दोनशेच्या आसपास देह लागायचे असं सांगतात. मेणात टर्पेंटाईन, थोडं राळेसारखं काहीतरी, आणि कुटलेले रंग. मधमाशीचं मेण बासष्ट-चौसष्ट डिग्रीला वितळतं पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, त्यामुळे फ्लॉरेन्सच्या जुलैत हे लोक काय करत असतील कोण जाणे.

क्लेमेन्ते सुझिनीची झोपलेली व्हीनस सगळ्यात प्रसिद्ध. खरे केस, गळ्यात मोत्यांचा हार, रेशमी गादी, आणि पोटाचे थर एकावर एक उचलता येतात, शेवटी गर्भ. सगळे तिथेच फोटो काढतात. मावशीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "पोट उघडलेल्या बाईला हार कशाला घातलाय?" मलाही ती व्हीनस आवडली नाही. कारागिरी अफाट आहे, प्रश्नच नाही, पण तिच्यात एक साखर घोळवलेली आहे जी झुम्बोच्या पेटीत नाही. त्यापेक्षा लसिकावाहिन्यांचं (लिम्फच्या नळ्यांचं) जाळं दाखवणारा पुरुषाचा पुतळा बघा, अंगभर बारीक दोऱ्यांची जाळी, तिथे मावशी पाच मिनिटं होती आणि मला एकेक ग्रंथी नावाने दाखवत होती. मराठी, इंग्लिश आणि हॉस्पिटलची अशी तिची मिक्स भाषा. शाळेच्या सहलीतल्या दोन मुली मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांना काही कळत नव्हतं पण त्या ऐकत होत्या.

ही मॉडेल्स इतकी गाजली की लिओपोल्दोचा भाऊ, पवित्र रोमन सम्राट जोसेफ दुसरा, याने व्हिएन्नासाठी जवळजवळ बाराशे नग मागवले आणि ते खेचरांच्या पाठीवरून आल्प्स ओलांडून नेले. मेण. खेचरांवरून. डोंगरातून. आपण साधी काचेची बरणी पुण्याहून मुंबईला नेताना चार वर्तमानपत्रं गुंडाळतो.

शनिवार

पाय दुखत होते म्हणून उशिरा निघालो. बार्जेल्लो, शिल्पांचं म्युझियम. इथे दोनातेल्लो वगैरे आहेत, ते सगळे बघतीलच, मी फक्त मेणाशी संबंधित सांगते.

पहिल्या मजल्यावर ब्राँझच्या दोन फळ्या शेजारी शेजारी लावल्यात. १४०१ ची स्पर्धा, बाप्तिस्तेरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा द्यायच्या इमारतीच्या दरवाजाचं कंत्राट कोणाला द्यायचं, विषय बायबलमधला इसाकचा बळी. एक गिबेर्तीची, एक ब्रुनेलेस्कीची. हो, तोच अनाथाश्रमवाला ब्रुनेलेस्की. जिंकला गिबेर्ती. सगळे पुस्तकवाले नजाकत कोणाची जास्त यावर लिहितात पण एक व्यवहाराची गोष्ट आहे: गिबेर्तीने जवळपास सगळं एकसंध आणि पातळ ओतलं, ब्रुनेलेस्कीने आकृत्या सुट्या करून फळीवर बसवल्या, त्यामुळे गिबेर्तीची फळी सुमारे सात किलोने हलकी निघाली. ब्राँझचे भाव बघता समितीला हे नक्कीच दिसलं असणार.

आणि ओतायचं म्हणजे काय? आधी मेण. ब्राँझमध्ये जी कपड्याची चुणी, मेंढ्याची लोकर, इसाकच्या छातीचा उठाव दिसतो तो सगळा कोणीतरी मेणात बोटाने आणि कोरणीने केलेला आहे. मग वर मातीचा थर, भट्टीत तापवलं की मेण वाहून जातं, त्या पोकळीत धातू. आपल्याकडे तंजावरचे किंवा बस्तरचे ओतारी हेच करतात. म्हणजे आपण ज्याला गिबेर्तीचं ब्राँझ म्हणतो ते खरं तर त्याच्या मेणाचं रूप, मूळ वस्तू त्याच दिवशी वितळली. हे डोक्यात आलं आणि मग मी त्या फळीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

पुढे शिल्पकार चेल्लिनी. ग्रीक पुराणातल्या पर्सियसचं त्याने केलेलं मोठं ब्राँझ बाहेर चौकात उभं आहे, मेदूसा राक्षसिणीचं डोकं वर धरलेलं, पण त्याचं छोटं मेणाचं कच्चं मॉडेल इथे आहे आणि तिथे कोणी थांबत नाही. काळपट, मळकं, चेहरा अर्धवट. मला मोठ्यापेक्षा हे जास्त आवडलं. यात अजून ठरायचंय. मोठ्यात तर पोट्ट्या जरा जास्तच स्टाईल मारतोय. चेल्लिनी स्वतः मेणाबद्दल बारकाईने लिहून गेलाय, पदकं आणि छोट्या उठावासाठी पांढरं मेण, त्यात कुटलेला शिशाचा पांढरा रंग, थोडं स्वच्छ टर्पेंटाईन. वासारीची रेसिपी वेगळी, मेणात थोडी चरबी म्हणजे लवचिक होतं, टर्पेंटाईन म्हणजे चिकट होतं, आणि डांबर म्हणजे काळं होऊन घट्ट बसतं. प्रत्येक घरची गोडा मसाल्याची रेसिपी वेगळी असते तसंच, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते.

दुपारी काझा बुओनारोती, मायकलअँजेलोच्या घराण्याचं घर. तो कधी तिथे राहिला वगैरे भानगडीत पडत नाही. त्याची अगदी पोरवयातली दोन संगमरवरी उठावशिल्पं आहेत. पायऱ्यांवरची मेरी इतकी उथळ की दगड दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल गेला नसेल असं वाटतं, आणि सेंटॉरची (अर्धा माणूस, अर्धा घोडा) लढाई इतकी खोल की माणसं बाहेर पडतील. उठाव हा प्रकार किती लांब ताणता येतो हे एकाच खोलीत बघायचं तर इथे या. वासारी सांगतो की मायकलअँजेलोची दगड कोरायची पद्धत समजून घ्यायची तर मेणाची आकृती पाण्याच्या हौदात आडवी ठेवा आणि हळूहळू वर उचला, आधी नाक, गुडघा, मग बाकीचं पाण्याबाहेर येत जातं, तसाच तो दगडातून माणूस काढत जायचा. मावशीला हे फार आवडलं. हॉटेलवर परत येऊन टबमध्ये करून बघायचं म्हणत होती, मी साबणाची वडी दिली.

संध्याकाळी मार्केटमध्ये लाम्प्रेदोतोचा स्टॉल होता, गाईच्या चौथ्या पोटाचं सँडविच. मावशी म्हणाली दिवसभर पोटंच बघतोय, आता जेवणात नको.

रविवार

बोलोन्या. फास्ट ट्रेनने चाळीस मिनिटंही लागत नाहीत, बहुतेक बोगदाच आहे. स्टेशनपासून सगळ्या शहरात कमानींचे फुटपाथ, पाऊस पडत होता आणि आम्ही छत्री न उघडता युनिव्हर्सिटीपर्यंत पोचलो. हे आपल्याकडे फोर्टमध्ये थोडं आहे, पण थोडंच.

पालाझ्झो पोज्जी, युनिव्हर्सिटीचं म्युझियम, व्हिया झांबोनी. मला इथे यायचं होतं ते आन्ना मोरांदीसाठी. १७१४ चा जन्म. नवरा जोव्हान्नी मान्झोलिनी, दोघंही मेणकाम करणारे, घरातच प्रेतं आणून फाडायचे, साचे करायचे, आणि घरात मुलंही होती. म्हणजे स्वयंपाकघर कुठे, काय कुठे, मला तर विचारच करवेना. त्या आधी याच शहरात एर्कोले लेल्लीला पोप बेनेडिक्ट चौदाव्याने मेणाच्या आकृती करायचं काम दिलं होतं (हा पोप बोलोन्याचाच), जोव्हान्नी आधी त्याच्या हाताखाली होता, श्रेय मिळेना म्हणून बाहेर पडला. मेणकाऱ्यांच्या जगात श्रेयाची भांडणं भारी. १७५५ मध्ये जोव्हान्नी गेला. आन्ना थांबली नाही. युनिव्हर्सिटीने तिला शिकवायची परवानगी दिली, परदेशातून बोलावणी यायला लागली, रशियाच्या कॅथरीन राणीने सुद्धा, पण ती बोलोन्या सोडून गेली नाही. पैशांची ओढाताण मात्र कायम, १७६९ मध्ये तिने आपला सगळा संग्रह एका काउंटला विकला आणि त्याच्याच वाड्यात राहायला गेली.

तिच्या पाट्या. लाकडाच्या फळीवर मेणाचे अवयव बसवलेले, उठावात, मागून सपाट. डोळ्यांची एक मालिका आहे: फळीवर नुसते डोळे, काही पापणीसकट, काही सोललेले, स्नायू कुठून कुठे जातात ते दाखवलेले. पोर्ट्रेटसारखं एकेक डोळा बघत जाता येतो. पण मला सगळ्यात जे लागलं ते हातांचं. स्पर्श म्हणजे काय हे शिकवायला तिने दोन हात केले, एक मऊ कशावर तरी टेकलेला, निवांत, बोटं सैल. दुसरा काटेरी कशाला तरी लागलेला आणि आकसलेला, बोटं वळलेली, मनगटाची शीर ताठ. त्याला अॅनाटॉमी म्हणायचं तर म्हणा, मी काही म्हणणार नाही. नखांची कड बघा, त्वचेच्या सुरकुत्या बघा. मावशीने स्वतःचा हात काचेवर ठेवला, आधी सैल मग आवळून, आणि दोन्हीकडे बघितलं. "पेशंटची शीर शोधताना असाच आवळायला सांगतो आम्ही," एवढंच बोलली.

आणि मग दोन अर्धपुतळे. तिने नवऱ्याचा केला आहे आणि स्वतःचाही. नवरा हातात हृदय धरून, चेहरा जरा पडलेला, खिन्न. ती स्वतः लेस लावलेल्या भारी पोशाखात, दागिने घालून, समोर उघडलेली कवटी आणि मेंदू, हातात हत्यार. कोण हृदय, कोण मेंदू, हे तिने मुद्दाम केलं असणार यात मला शंका नाही. मावशी म्हणाली, "हिच्या चेहऱ्यावर बघ, हिला माहितीये की हिला येतं." सिस्टर लोकांना हे लगेच ओळखू येतं.

सुझिनीची छोटी व्हीनस इथेही आहे, गळ्यात मोती इथेही. बघितली, पुढे गेलो.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विचार करत होते की काय टिकलं आणि काय गेलं. आनुन्झियातातले सहाशे लोक गेले कारण त्यांचं मेण परत कामाचं होतं, मेणबत्त्या होणार होत्या, आणि ज्यांनी नवस केले ते मेल्यावर त्यांना बघायला कोणी नव्हतं. झुम्बोची पेटी टिकली कारण राजाच्या घरात काचेमागे होती. आन्नाचे हात टिकले कारण डॉक्टरांना लागत होते. सुंदर आहे म्हणून टिकलं असं मला तरी एकही उदाहरण सापडलं नाही. मावशीला सांगितलं तर ती झोपली होती.

सोमवार

विमान संध्याकाळचं, आणि सोमवारी अर्ध्या गोष्टी बंद. पोंते वेक्यिओ पुलाच्या पलीकडच्या गल्लीत कागद, शाई आणि लाखेची दुकानं आहेत, पत्राला सील लावायची लाख आणि पितळी शिक्के. दुकानदार बाईने डेमो दिला: लाखेची कांडी ज्योतीवर, कागदावर जाड थेंब, शिक्का थोडा गार करून दाबायचा नाहीतर चिकटतो, दहा सेकंद, उचलला की फ्लॉरेन्सची लिली उठून आलेली. पाकळीच्या कडा स्वच्छ. हा पण उठावच, जगातला सगळ्यात स्वस्त. मावशीने "म" अक्षराचा शिक्का मागितला, नव्हता, रोमन एम घेतला. म्हणे नातवंडांना पोस्टाने पत्रं पाठवणार. लाल लाखेच्या चार कांड्या घेतल्या, त्या केबिन बॅगेतून नेता येतात, आमच्या तरी कोणी काढून घेतल्या नाहीत.

जाणार असाल तर थोडं कामाचं: ला स्पेकोला आणि पालाझ्झो पोज्जी दोन्ही सोमवारी बंद, बार्जेल्लो आणि काझा बुओनारोती मंगळवारी, त्यामुळे वार बघून आखा आणि निघायच्या आधी साईटवर एकदा तपासा. स्पेकोलात झुम्बो आधी बघा, व्हीनसच्या हॉलमध्ये गेलात की डोळे थकतात आणि मग पेटीतलं बारीक काम दिसत नाही. लहान मुलांना नेऊ का असं विचाराल तर दहाच्या वरच्यांना जरूर न्या, पाणघोडा आवडेल, बाकीचं त्यांना आपल्यापेक्षा कमी त्रासदायक वाटतं. छोटं भिंग जवळ ठेवा. आणि दुपारचं जेवण आधी उरकून घ्या, नंतर नाही.